दाराबाहेरचा मुक्काम

गेल्या चैत्रात सांगोला तालुक्यातील आमच्या साडूंच्या डाळिंबाच्या बागेत एक रात्र काढण्याचा योग आला. साडूंचे पंढरपुरात धान्याचे अडत दुकान आहे. बाग ही त्यांची हौस. परंतु व्यापाऱ्याची हौससुद्धा हिशेबात बसावी लागते. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत परागीकरण चांगले व्हावे यासाठी ते दरवर्षी एका वृद्ध मधपाळाकडून मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणवतात. त्या वर्षी चाळीस पेट्या आल्या होत्या. फुलोरा संपला होता आणि त्याच संध्याकाळी पेट्या कृष्णाकाठच्या सूर्यफुलाच्या शेतांकडे रवाना व्हायच्या होत्या. साडेसहाला टेम्पो बांधावर येऊन उभा राहिला.

दुपारी पारा चाळिशी ओलांडून गेला होता. सूर्य टेकला तरी जमीन वाफा टाकीत होती. आम्ही पेट्यांजवळ गेलो आणि थबकलो. प्रत्येक पेटीच्या दाराभोवती, समोरच्या फळीवर आणि तिच्या खालच्या बाजूला माश्यांचा जाड, तपकिरी थर लोंबत होता. एखाद्या वृद्धाच्या हनुवटीवरून दाढी उतरावी तसा तो दिसे. मधपाळही त्याला ‘दाढी’च म्हणतात, हे मला मागाहून कळले. हजारो माश्या एकमेकींच्या पायांना पाय गुंतवून स्तब्ध बसल्या होत्या.

माझ्या मनात प्रथम आलेली शंका बहुतेकांच्या मनात येईल तीच होती. ह्या खवळल्या आहेत काय? की आत काही रोग शिरला आहे? साडूंना वाटले, राणीसकट पळून जाण्याची तयारी चालली आहे. टेम्पोचालकाला यांपैकी कशाचेच सोयरसुतक नव्हते. तो म्हणाला, “थोडा धूर द्या, आत जातील. दारं लावा आणि चढवा. मला सकाळी दुसरं भाडं आहे.”

मधपाळ मात्र डोक्याचा रुमाल सोडून बांधावर बसला. “शेठ, आत्ता दारं लावली तर निम्मी माशी इथंच बाहेर राहील, आन् धुरानं आत कोंबली तर वाटेत उकडून मरंल. पहाटेपर्यंत थांबावं लागंल.”

साडूंनी घड्याळाकडे पाहिले. टेम्पोचे थांबण्याचे भाडे तासावर होते.

ती रात्र कशी गेली हे सांगण्यापूर्वी त्या माश्या बाहेर का बसल्या होत्या हे सांगणे अगत्याचे आहे. कारण त्या वृद्धाचे म्हणणे शब्दशः खरे होते आणि त्यामागे दोनशे वर्षांचे निरीक्षण उभे आहे.

मधमाशीच्या वसाहतीत सर्वांत नाजूक वस्तू मध नव्हे, तर मेणाच्या कोठड्यांतील अळ्या आणि कोष. त्यांच्याभोवतीचे तापमान सुमारे ३३ ते ३६ अंश सेल्सिअस या अरुंद पट्ट्यात राखावे लागते. ते दीर्घकाळ वर गेले तर कोषातील पिलांत व्यंग उत्पन्न होते. खाली गेले तरीही हानी होतेच. जर्मनीत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२ अंशांवर वाढवलेले कोष ३६ अंशांवर वाढवलेल्या कोषांशी ताडून पाहिले गेले. थंडाव्यात वाढलेल्या माश्या दिसायला धडधाकट होत्या, पण पुढे शिकण्यात, स्मरणात आणि फुलांचा पत्ता सांगणाऱ्या नृत्यात त्या उण्या पडल्या. बाहेर हिवाळ्याचे दहा अंश असोत वा उन्हाळ्याचे चाळीस, आतला हा पट्टा सुटता कामा नये, यावर वसाहतीचे सारे भवितव्य अवलंबून असते.

आता अशी कल्पना करावी की, लाकडाच्या एका पेटीत तीस-चाळीस हजार जीव आहेत. प्रत्येकाच्या शरीरातून उष्णता बाहेर पडते. बाहेरून ऊन तापवीत आहे, आतून गर्दी तापवीत आहे. अशा वेळी माश्या प्रथम पंख्याचे काम हाती घेतात. काही कामकरी माश्या दाराशी पाय रोवून उभ्या राहतात आणि उडण्याऐवजी जागच्या जागी पंख चालवतात. जिनिव्हाचे फ्रांस्वा ह्यूबर (१७५०–१८३१) यांनी पेटीतील हवेचा अभ्यास करून दाखवून दिले की, दाराशी चाललेली ही फडफड म्हणजे घरात हवा खेळती ठेवण्याची योजना आहे. ह्यूबर तरुणपणीच अंध झाले होते. त्यांचा सेवक फ्रांस्वा ब्यूर्नें डोळ्यांनी पाहून वर्णन करी, ह्यूबर प्रश्न विचारीत, तो पुन्हा पाही. मधमाशीविषयी त्या काळातले सर्वांत चिकित्सक लेखन एका अंध गृहस्थाच्या नावावर आहे, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

पंखा घालण्याची रीतही सर्व माश्यांची एक नाही. परदेशातून आलेली मेलिफेरा माशी दाराकडे तोंड करून उभी राहते आणि आतली तापलेली हवा बाहेर खेचते. आपल्या सह्याद्रीतील सातेरी माशी उलट उभी राहते. तिचे तोंड बाहेर असते आणि ती बाहेरची हवा आत ढकलते. दोघींचा हेतू एकच. साडूंच्या बागेतील पेट्या मेलिफेराच्या होत्या. दुसऱ्या दिवशी उजेडात मी मुद्दाम वाकून पाहिले. सगळ्यांची तोंडे आत होती. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली असेही दाखवले की, दाराच्या ज्या भागातून अधिक गरम हवा बाहेर पडते त्या भागात पंखेवाल्या माश्या गोळा होतात, आणि मग उरलेल्या भागातून ताजी हवा आपसूक आत शिरते. ‘तू इथे उभी राहा, तू तिथे’ असे सांगणारा मुकादम त्यांच्यात कोणी नसतो. प्रत्येक माशी केवळ आपल्यापुरती ऊब चाचपते.

वाऱ्याने भागले नाही की पाणी येते. काही माश्या पाणवठ्यावरून पोटात पाणी भरून आणतात. आतल्या माश्या ते घेऊन कोठड्यांच्या कडांवर थेंब-थेंब पसरतात, जिभेवर ताणून त्याची पातळ पापुद्री करतात, आणि पंख्याचा वारा त्यावरून फिरला की वाफ होऊन थंडावा येतो. माठाचे पाणी ज्या न्यायाने गार होते तोच हा न्याय. कार्ल फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५४ साली या विषयावर आपले प्रसिद्ध निरीक्षण मांडले. दक्षिण इटलीत सालेर्नोजवळ लाव्हाच्या उघड्या, रखरखीत पठारावर भर उन्हात त्यांनी एक पेटी ठेवली. जवळच्या झऱ्याचे पाणी हवे तेवढे नेण्याची मुभा होती तोवर माश्यांनी पेटीच्या आतले तापमान ३५ अंशांच्या पुढे जाऊ दिले नाही.

येथे व्यापारी वाचकाला आपलासा वाटेल असा एक तपशील आहे. पाणी आणणाऱ्या माशीला आत जाऊन पेटी किती तापली आहे हे मोजता येत नाही. ती बहुधा दाराजवळूनच परत फिरते. मग आणखी पाणी हवे की पुरे, हे तिला कसे कळावे? लिंडाउअर यांनी हेरलेली आणि पुढे अमेरिकेतील थॉमस सीली यांनी सहकाऱ्यासह १९९७ साली अधिक तपासलेली गोष्ट अशी की, ती आपला माल किती लवकर उतरवून घेतला जातो यावरून अंदाज बांधते. पेटी तापलेली असेल तर आतल्या माश्या अधीर होऊन तिच्यापुढे येतात आणि काही क्षणांत पाणी घेऊन तिला मोकळी करतात. मग ती तत्काळ दुसऱ्या खेपेला निघते, कधी नाचून इतरांनाही पाण्याकडे बोलावते. गरज सरली की हीच माशी दारोदार फिरते, एकीने नाकारले की दुसरीकडे जाते, आणि अखेर पाण्याच्या खेपा थांबवते. साडूंना मी हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे आमच्या अडतीचाच कारभार. गाडी दारात उभी राहिली आणि हमाल धावत आले की समजावे, मालाला उठाव आहे.”

वारा झाला, पाणी झाले. तरीही गर्मी हटेना, तर मग तिसरा उपाय, तोच आमच्या डोळ्यांसमोर लोंबत होता. ज्यांचे आत तातडीचे काम नाही अशा माश्या घर सोडून बाहेर येतात. त्यायोगे दोन गोष्टी साधतात. हजारो शरीरांची उष्णता घराबाहेर जाते. आणि पोळ्यांच्या मधल्या फटी रिकाम्या होऊन तेथून वारा फिरू लागतो. आत उरतात त्या अळ्यांना चारणाऱ्या, पंखा घालणाऱ्या आणि पाणी पसरणाऱ्या. बाहेरच्या माश्या आळसाने बसल्यासारख्या दिसतात. त्या क्षणी मात्र आतल्या पिलांसाठी त्यांना करता येण्याजोगे सर्वांत उपयुक्त काम हेच असते, की जागा अडवू नये.

मग सगळ्याच एकदम बाहेर का येत नाहीत, आणि थोडा गारवा येताच सगळ्या एकदम आत का धावत नाहीत? ऑस्ट्रेलियात सिडनी येथील संशोधकांनी २००४ साली पंखा घालण्याच्या बाबतीत या कोड्याची उकल केली. राणी माशी एकाहून अधिक, पुष्कळदा दहा-वीस नरांशी संयोग करते. म्हणून एकाच पेटीतील कामकरी माश्या आईकडून सख्ख्या पण बापाकडून भिन्न असतात, आणि प्रत्येक कुळीची उष्णता सोसण्याची मर्यादा थोडी निराळी असते. एखादी लवकर पंख उचलते, दुसरी उशिरा. संशोधकांनी एकाच नराची संतती असलेल्या वसाहती व अनेक नरांची संतती असलेल्या वसाहती शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा मिश्र वसाहतींचे तापमान अधिक स्थिर राहिले. एकाच स्वभावाच्या माश्या एकदम उठत आणि एकदम थांबत. त्यामुळे घर कधी फार गार, कधी फार गरम होई. आपल्या एकत्र कुटुंबांतही एखादी व्यक्ती लवकर घाबरते आणि एखादी शेवटपर्यंत ढिम्म असते. त्यावरून घरात कुरबुरीही होतात. असो.

साडूंची शंका राहिलीच. राणीसकट पळून जाणारा थवा आणि उन्हाळ्याची ही दाढी यांत भेद कसा करावा? थवा निघतो तो बहुधा सकाळी उशिरा किंवा दुपारी, मोठा कल्लोळ करीत. हवा माश्यांनी भरून जाते, आणि मग सगळा लोट दूर एखाद्या फांदीवर, प्रसंगी दुकानाच्या पाटीवर किंवा उभ्या स्कूटरवरही गोळा होऊन लटकतो. नवे घर सापडले की काही तासांत वा एक-दोन दिवसांत तो तेथून निघून जातो. दाढी मात्र आपल्याच घराच्या भिंतीला बिलगलेली असते, दिवस तापला की वाढते आणि रात्र निवली की विरघळते. थंड हवेतही ती रोज दिसू लागली तर आत जागा अपुरी पडते आहे असे समजून मधपाळ पेटीवर आणखी एक मजला चढवतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरांच्या गच्चीखाली, पाण्याच्या टाक्यांखाली आणि बाजार समितीच्या उंच छपरांखाली जो काळसर पडदा लोंबताना दिसतो, तो या दोहोंपैकी नव्हे. तो आग्या माशीचा संसार. तिला पेटी नसते, पोकळी नसते. उघड्यावर एकच मोठे पोळे असते आणि माश्यांचा थरावर थर हीच त्या घराची भिंत असते. ती ‘बाहेर’ बसलेली नसते. तिच्या घराला बाहेर-आत असा भेदच नसतो. उकाड्याशी झुंजण्याची तिची एक रीत चमत्कारिक आहे. हजारो माश्या एकाच वेळी उडून थोड्या अंतरावर विष्ठा टाकून येतात. खाली मोटारींवर, वाळत घातलेल्या धोतरांवर पिवळे ठिपके पडतात. याच ठिपक्यांवरून एक आंतरराष्ट्रीय वाद पेटला होता. १९८१ साली अमेरिकेने असा आरोप केला की, आग्नेय आशियात विषारी ‘पिवळा पाऊस’ पाडला जात आहे व त्यामागे सोव्हिएत संघ आहे. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन आणि वर उल्लेखिलेले सीली यांनी दाखवून दिले की, ते ठिपके माश्यांच्या विष्ठेशी तंतोतंत जुळतात. पुढे १९८९ मध्ये मर्दान आणि केव्हन या दोन संशोधकांनी असे मांडले की, या सामूहिक उड्डाणांतून माश्या शरीरातील उष्णता टाकून देतात.

आग्या माशी मात्र खवळली तर प्राणावर बेतू शकते, हे विसरून चालणार नाही. तिच्या पोळ्याखाली धूर करणे, फटाके वाजवणे, दगड मारणे हा शुद्ध अविचार आहे. पोळे खरोखर अडचणीच्या जागी असेल तर ते न मारता हलवणारे प्रशिक्षित लोक असतात. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्याचे मध संचालनालय आहे. औषध फवारून एका रात्रीत पोळे ‘साफ’ करणाऱ्यांचे काम स्वस्त पडते हे खरे. आपल्या घरांत मध वर्ज्य आहे, म्हणून मधमाशीशी आपला व्यवहार नाही असे आपण सहज समजतो. परंतु डाळिंब, सूर्यफूल, कांद्याचे बी, मोहरी या मालावर आपल्यातील कित्येक पेढ्या उभ्या आहेत, आणि या प्रत्येक पिकाच्या फुलोऱ्यावर मधमाशीचा हात फिरलेला असतो. फुलोऱ्यात भर दिवसा फवारणी करणारा शेतकरी आणि त्याला ती औषधे विकणारा दुकानदार या दोघांनीही हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे. फवारणी संध्याकाळी उशिरा, माश्या घरी परतल्यावर करा, इतके काउंटरवर सांगायला काही पडत नाही.

बागेतल्या त्या संध्याकाळी अखेर साडूंनीच निवाडा केला. ते टेम्पोचालकाला म्हणाले, “रात्रीचं भाडं मी देतो. तू जेवून घे आणि झोप.” चालक कुरकुरला, पण पिठलं-भाकरीचे ताट पाहून शांत झाला. साडूंच्या चेहऱ्यावर मात्र आकडेमोड दिसत होती. थोड्या वेळाने त्यांनी मधपाळाला विचारले, “समजा, आत्ताच भरल्या असत्या तर किती नुकसान?”

मधपाळ म्हणाला, “शेठ, पैशात न्हाई सांगता येणार. दार बंद, आत गर्दी, हवा न्हाई, पाणी आणायला वाट न्हाई. माशी घाबरून अजून पंख मारती, त्यानं अजून गरम होतं. मेण मऊ पडतं, पोळं खाली बसतं. माझ्या तरुणपणी एकदा अशीच घाई केली. सकाळी झाकण उघडलं तर तळाला सगळा लगदा.” पुढे तो काही बोलला नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आठच्या सुमारास साडूंनी गड्याकरवी गोठ्यातली पाण्याची डोणी पेट्यांजवळ आणवली आणि तिच्यात मूठ-मूठ खडे टाकायला लावले, म्हणजे माशीला बसायला जागा मिळावी, ती बुडू नये. अंधारात माशी पाण्याला येत नाही असे मधपाळाने सांगितले, तरी डोणी तशीच राहिली. मग टेम्पोत पडलेली आमच्याच पेढीची रिकामी गोणपाटे भिजवून त्यांनी पेट्यांच्या झाकणांवर टाकली. हा उपाय मधपाळाला पसंत पडला; फक्त दाराकडची बाजू झाकू नका, एवढेच तो म्हणाला.

आम्ही खाटा टाकून आकाशाखाली पडलो. अकरा वाजता मी उठून पाहिले, दाढ्या तशाच होत्या. जवळ गेल्यावर एक अखंड, खोल घुमणारा आवाज येत होता. दूरवर कोठे पाण्याचा पंप चालू असावा तसा. दोन वाजता वाऱ्याची दिशा पालटली, अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटले. तीनला विजेरीवर लाल कापड बांधून मधपाळ पेट्यांमधून फिरत होता. लाल उजेड माशीला फारसा दिसत नाही, हेही त्याच्याकडूनच कळले. लोंबणारे थर पातळ झाले होते. रांगेने, धक्काबुक्की न करता माश्या दारातून आत शिरत होत्या.

चारला त्याने पहिल्या पेटीच्या दारावर बारीक जाळी ठोकली, हवा जावी पण माशी येऊ नये अशी, आणि गडी व चालक यांनी ती उचलून टेम्पोत चढवली. फटफटेपर्यंत सदतीस पेट्या भरल्या. उरलेल्या तीन पेट्यांतील माशी सर्वांत दाट होती आणि तिच्या दाराखाली अजूनही मूठभर-मूठभर घोस लटकत होते. मधपाळाने त्यांकडे पाहिले, मग उजळत्या पूर्वेकडे पाहिले आणि म्हणाला, “या राहू द्या. पुढल्या खेपेला नेईन.”

साडूंनी रात्रीचे भाडे मोजून दिले आणि खिशातील छोट्या वहीत ‘बाग’ या सदरात लिहून ठेवले. टेम्पो गेला. ऊन वर येण्याआधी त्यांनी त्या तीन पेट्यांवरची गोणपाटे पुन्हा भिजवली, आणि गड्याला सांगितले की दुपारी बारा वाजता आणि तीन वाजता आठवणीने पाणी टाकायचे.